वाचक विचारतात : गोळी आधी की कल्चर आधी?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की अँटिबायोटिकची पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी सॅम्पल कल्चरसाठी (म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायला) लॅबमध्ये पोचलं पाहिजे. त्या एका वाक्यावर एवढं टपाल आलं, की संपादकांनी हा अख्खा हप्ता त्यालाच दिला. काही पत्रं प्रेमाची आहेत, काही खास सदाशिव पेठी. एका गृहस्थांनी विचारलंय, की लॅबवाल्या बाईंनी लॅबची जाहिरात करणं कितपत योग्य? प्रश्न रास्त आहे. माझी उमेद लक्ष्मी रोडमागच्या गल्लीतल्या एका लॅबमध्ये दुसऱ्यांची लघवी, थुंकी आणि पू बघण्यात गेली, पण ती लॅब आता बंद आहे. तेव्हा कमिशनची काळजी नसावी.

पत्रं जागेअभावी कापली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

आमच्या आई (सासूबाई) ७१ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे. दिवाळीपासून तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं. आधी दोन्ही वेळा ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या, बरं वाटलं. या वेळी थंडी वाजून ताप आला म्हणून कल्चर केलं. रिपोर्टमध्ये ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ आणि खाली आर, आर, आर. आता डॉक्टर म्हणतात, रोज एक इंजेक्शन, तेही शिरेतून. आईंच्या अंगाला औषधांची सवय झाली का? आणि हे आम्हाला लागेल का? त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवावं, असं नणंदेचं म्हणणं आहे. (धनकवडी)

आधी ताट-वाटीचं. वेगळी ठेवू नका. नणंदबाईंनी आग्रह धरला तर हा अंक पुढे करा. संडासातून आल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवायचे, स्वयंपाकाला लागण्याआधी पुन्हा धुवायचे, एवढं पुरे. हे घरातल्या सगळ्यांनी करायचं, फक्त आईंनी नाही. कारण हे जंतू आतड्यात राहतात आणि तुमच्या-माझ्या आतड्यातही ते आधीच असण्याची शक्यता चांगलीच आहे. आतड्यात असताना ते काही त्रास देत नाहीत. जागा सोडून मूत्रमार्गात शिरले की दुखणं सुरू होतं.

आता सवयीचं. आईंच्या अंगाला कसलीही सवय झालेली नाही. बदललेत ते जंतू. आतड्यात ई. कोलायच्या कितीतरी जाती एकत्र नांदत असतात. एखादीकडे औषध फोडणारं एन्झाइम बनवायचा जनुक असतो. एरवी तिला कुणी विचारत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, की बाकीच्या मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हीच पसरते. भरीला, तो जनुक डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असेल तर शेजारच्या जंतूला देताही येतो, मग तो शेजारी अगदी वेगळ्या जातीचा का असेना. ई. कोलायकडून क्लेब्सिएला नावाच्या दुसऱ्या जंतूकडे, क्लेब्सिएलाकडून आणखी कुणाकडे.

ईएसबीएल हे अशाच एन्झाइमांच्या एका कुळाचं नाव. सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन वगैरे ‘सेफ’ने सुरू होणाऱ्या बहुतेक औषधांचा ती चुरा करतात. हे आम्ही कसं ओळखतो ते सांगते, म्हणजे रिपोर्ट म्हणजे नुसता कागद वाटणार नाही. लघवीचा ठरावीक मापाचा थेंब मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर पसरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ई. कोलायच्या गुलाबी, कोरड्या, नीटस वसाहती दिसतात. क्लेब्सिएला असेल तर त्या बुळबुळीत असतात, सुईने उचलल्या की तार सुटते. त्यातली एखादी वसाहत घेऊन दुसऱ्या प्लेटवर कापसाच्या बोळ्याने सारवायची आणि वर औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. आणखी एक रात्र. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल राहतो. तो आम्ही पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतो. गोल छोटा किंवा नाहीच, तर आर. पुरेसा मोठा, तर एस. ईएसबीएलसाठी शेजारी आणखी एक चकती लागते, तेच औषध अधिक क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, म्हणजे त्या एन्झाइमचं तोंड बंद करणारा पदार्थ. या चकतीचा गोल साध्या चकतीपेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठा आला, की निदान पक्कं. आमच्या लॅबमध्ये सकाळच्या चहाआधीचं काम हेच. सुरुवातीच्या वर्षांत असे जोडगोल दिसले की आम्ही एकमेकींना बोलावून दाखवायचो. नंतर बोलावणं बंद झालं, कारण रोजचंच झालं.

म्हणून दोन रात्री लागतात. ‘रिपोर्ट संध्याकाळी मिळेल ना?’ असं काउंटरवर विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जंतू आपल्या वेळेनेच वाढतात.

इंजेक्शनबद्दल : थंडी वाजून ताप आलाय, वय ७१, मधुमेह, म्हणजे इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका डॉक्टरांनी घेतली ती बरोबर आहे. अशा वेळी ईएसबीएललाही पुरून उरणारं, कार्बापेनेम गटातलं औषध शिरेतून देतात. दिवसातून एकदाच द्यायचं असेल तर बहुधा अर्टापेनेम असेल. बऱ्याच वेळा ॲडमिट न होता रोज जाऊन घेता येतं, विचारून पाहा. ताप नसता, नुसती जळजळ असती, तर रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसीनपुढे एस आहे का ते मी आधी पाहायला सांगितलं असतं. जुनी औषधं आहेत, तोंडाने घेता येतात आणि मूत्राशयापुरत्या इन्फेक्शनला अजूनही चांगली चालतात. मात्र किडनीचं काम मंदावलेलं असेल तर नायट्रोफ्युरँटोइन चालत नाही, आणि ताप-थंडी असताना ही दोन्ही कामाची नाहीत. रिपोर्टवरच्या एसपैकी कुठलं औषध निवडायचं, हे डॉक्टरांवर सोडा. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट फिरवून भावकीचं मत घेऊ नका.

पुढच्या वेळेसाठी तीन गोष्टी. सॅम्पल मधल्या धारेचं द्या. दोन तासांत लॅबला पोचवा, नाही जमलं तर डबी फ्रिजमध्ये ठेवा (भाजीच्या कप्प्यात नको, पिशवीत घालून वेगळी). आणि पहिली गोळी त्यानंतर. आधीच्या दोन वेळांना हेच झालं असतं, तर तिसऱ्या वेळची बातमी आपल्याला पहिल्याच वेळी कळली असती. स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दलही विचारा. पाळी गेलेल्या बायकांमध्ये वारंवार होणारं इन्फेक्शन त्याने कमी होतं. हे सांगायला बायका लाजतात आणि विचारायला डॉक्टर विसरतात.

एक राहिलं. बरं वाटल्यावर ‘खात्रीसाठी’ पुन्हा कल्चर करू नका. या वयात काही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं फार साधी गोष्ट आहे. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला माणूस सोडला तर त्याला औषध लागत नाही. रिपोर्टमधला जंतूंचा आकडा एक लाखाच्या वर असला तरी नाही. आता मला सांगा, यात लॅबची जाहिरात कुठे झाली?

मॅडम, मी हिंजवडीत नोकरीला, वाकडला राहतो. घसा धरला, ताप आला की खालच्या मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसीन ५०० च्या तीन गोळ्या घेतो. तिसऱ्या दिवशी टुणटुणीत. डॉक्टरकडे गेलं तर फी देऊन तीच गोळी मिळते. मग नेमकं चुकतंय कुठे? (वाकड)

तू माझ्या भाच्याच्या वयाचा दिसतोस, म्हणून एकेरीतच लिहिते.

चुकतंय ते तिसऱ्या दिवसाच्या हिशेबात. सर्दी-घशाचा ताप बहुधा व्हायरसचा असतो आणि तो बहुतेक वेळा तिसऱ्या दिवसाच्या आसपास आपणहून उतरतो. गोळी त्या वेळी फक्त हजर असते. श्रेय मात्र तिला मिळतं. पुढच्या वेळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉलवर राहून बघ, तिसरा दिवस तसाच उजाडेल.

आता ज्या वेळी ताप सर्दीचा नसेल, त्या वेळेचं बोलू. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतो आणि टायफॉईडही असतो. डेंग्यूला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ टेस्ट करायची. टायफॉईडला आहे, पण तिथेच तू घोळ घालून ठेवलेला असतोस. टायफॉईड पकडायचा खरा मार्ग म्हणजे पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर. दोन-तीन गोळ्या पोटात गेल्या, की जंतू पुरते मरत नाहीत, पण कल्चरच्या बाटलीत उगवण्याइतके रक्तात उरतही नाहीत. रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’, ताप मात्र चालूच. मग कुणीतरी विडाल टेस्ट करतं. ती आपल्याकडे टायफॉईड नसतानाही खुशाल पॉझिटिव्ह येते. आणि डॉक्टर अंधारात तीर मारत बसतात. असे कितीतरी ‘नो ग्रोथ’ मी सही करून बाहेर पाठवलेत. रिपोर्ट खोटा नव्हता, पण पेशंटला त्याचा उपयोगही नव्हता.

आणखी एक गंमत ऐक, गंमत म्हणजे तशी नाहीच. टायफॉईडवर पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिन रामबाण होतं. आज भारतात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. २०१६ पासून पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत टायफॉईडचा असा प्रकार पसरला, की त्याला सेफ्ट्रियाक्झोनही लागू पडेना. तोंडाने घ्यायचं म्हणून उरलं फक्त ॲझिथ्रोमायसीन. म्हणजे जी गोळी तू शिंकांवर खर्च करतोस, तीच तिथल्या पोरांसाठी शेवटची गोळी आहे. शिवाय हे औषध रेंगाळणारं. तिसरी गोळी घेतल्यावरही कितीतरी दिवस ते अंगात हळूहळू कमी होत राहतं. एवढ्या वेळात तुझ्या घशातले गरीब बिचारे जंतू मरतात आणि त्याला दाद न देणारे तेवढे मागे उरतात.

मेडिकलवाल्याचं म्हणशील तर त्याने चिठ्ठीशिवाय ही गोळी द्यायलाच नको. ॲझिथ्रोमायसीन शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत येतं. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन वगैरे त्याहून कडक अशा शेड्यूल एच-वन मध्ये. १ मार्च २०१४ पासून एच-वनच्या औषधांसाठी दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध किती, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पाकिटावर लाल रेघ असते ती याचसाठी. पण पेशंटच ‘मागच्या वेळचीच द्या हो’ म्हणत उभा राहिला आणि नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात गेला, तर तो तरी किती दिवस नाही म्हणणार? कायदा आहे. पाळणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो, ही खरी अडचण आहे आणि अन्न व औषध प्रशासनाने त्यावर उत्तर काढायला हवं.

फीचं म्हणशील, तर डॉक्टरची फी गोळीसाठी नसते रे. घशात बॅटरी मारून ‘याला काही नको’ असं सांगण्यासाठी असते.

आयुष्यभर ‘कोर्स पूर्ण करा’ ऐकत आलो. परवा डॉक्टरांनी न्यूमोनियाला पाचच दिवसांचं औषध दिलं. मी आणखी पाच दिवसांचं मागितलं तर हसले. खरं काय? (कोथरूड, निवृत्त बँक अधिकारी)

डॉक्टरांचं खरं. घरी ज्याचा उपचार होऊ शकतो अशा बऱ्याचशा न्यूमोनियाला, पेशंट सुधारत असेल तर पाच दिवस पुरतात, हे चांगल्या अभ्यासांतून दिसलं आहे. मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनला फॉस्फोमायसीनची ३ ग्रॅमची एक पुडी, बस. औषध जितके जास्त दिवस, तितका आतड्यातल्या इतर जंतूंवर जास्त मारा. जुना समज असा होता, की कोर्स अर्धवट सोडला म्हणजेच जंतू निर्ढावतात. बहुतेक इन्फेक्शनांच्या बाबतीत गरजेपेक्षा लांबलेला कोर्सच जास्त निर्ढावलेले जंतू मागे ठेवतो.

पण ‘मग मी बरं वाटलं की थांबतो’ असा अर्थ काढू नका. किती दिवस, ते लिहून देणारा ठरवेल. तुम्ही वाढवायचंही नाही आणि कापायचंही नाही. आणि क्षयरोग या सगळ्याला अपवाद आहे. साध्या क्षयाला सहा महिने म्हणजे सहा महिने. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन भरतं, आणि माणूस गोळ्या सोडून कामाला लागतो. मग आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन, दोन्ही निकामी झालेला एमडीआर क्षय समोर उभा राहतो. पूर्वी त्याचा उपचार दीड-दोन वर्षं चालायचा, रोजच्या इंजेक्शनांनी कान जायचे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. मोठी सोय झाली. तीही घालवायची नसेल तर गोळ्या मोजून घ्याव्या लागतील.

माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. ते म्हणायचे, एक पेनिसिलिन सगळ्याला पुरायचं. मग आता नवी औषधं का निघत नाहीत? आणि पेनिसिलिन गेलंच का कायमचं? (संत तुकारामनगर)

तुमच्या पत्राने बरं वाटलं. १९५४ साली तो कारखाना स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. पण पिंपरीवाल्यांना एक गोष्ट क्वचित ठाऊक असते. तिथल्या संशोधकांनी मातीतल्या एका जंतूपासून बुरशीवरचं औषध शोधलं, कंपनीच्या नावावरून त्याला हॅमायसिन नाव दिलं, आणि त्या जंतूचं शास्त्रीय नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या नोंदींत पिंपरी आहे ती अशी.

पेनिसिलिन गेलं का? नाही. घसा सुजवणारा आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब करणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस आजही पेनिसिलिनला शरण जातो. ऐंशी वर्षं वापर होऊनही. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, ते अजून तेच आहे. दुखतं फार, स्वस्त आहे, आणि कधीकधी बाजारात मिळत नाही कारण त्यात कुणाला नफा उरत नाही. उपदंशावरही पेनिसिलिनच. याउलट स्टॅफिलोकोकस हा जंतू पहिल्या काही वर्षांतच पेनिसिलिनला दाद देईनासा झाला. १९४५ साली नोबेल घेताना पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी सांगून ठेवलं होतं, की कमी मात्रेत औषध घेतलं तर जंतू त्याला दाद न देणारे होतील.

नवी औषधं न निघण्याचं कारण पैशाचं आहे. मधुमेहाची गोळी माणूस जन्मभर घेतो. अँटिबायोटिक पाच दिवस. त्यात नवं निघालं, की आमच्यासारखेच लोक म्हणणार, कपाटात ठेवा, अगदी अडलं तरच काढा. मग कंपनीने खर्च कसा काढायचा? अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीचं प्लाझोमायसिन २०१८ मध्ये मंजूर झालं आणि २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. आपल्याकडे मुंबईच्या वोक्हार्टने बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या मदतीने नॅफिथ्रोमायसीन आणलं, न्यूमोनियासाठी, दिवसाला एकदा असं तीन दिवस. चांगली गोष्ट आहे. वाकडच्या मेडिकलमध्ये ते चिठ्ठीशिवाय मिळायला लागेपर्यंत किती वर्षं जातात ते पाहायचं.

वडिलांचं (६८) गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. शेजारच्यांना हॉस्पिटलमध्ये ‘कशालाच दाद न देणारं’ इन्फेक्शन झालं होतं. फार भीती वाटते. ऑपरेशन टाळावं का? (सहकारनगर)

टाळू नका. पण भीती अगदीच निराधार आहे असंही म्हणणार नाही. गुडघा, सिझेरियन, बायपास, केमोथेरपी, कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत वाढवणं, हे सगळं चालतं ते पाठीशी अँटिबायोटिक आहे म्हणून. ते बोथट झालं की सर्जनचा हात कितीही चांगला असो, धोका वाढतो. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. यात नवजात बाळं आणि म्हातारी माणसं यांच्यावर घाव जास्त बसतो.

हॉस्पिटलमधला सगळ्यात नाठाळ प्रकार म्हणजे कार्बापेनेमलाही न जुमानणारा क्लेब्सिएला. त्यातल्या एका एन्झाइमला एनडीएम-१ म्हणतात. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटमध्ये ते प्रथम सापडलं आणि ‘नवी दिल्ली’ नावात आली, त्यावरून इथे पुष्कळ आरडाओरडा झाला होता. नावावर आरडाओरडा झाला, ज्या गटारांतून असे जंतू पसरतात त्यांच्यावर झाला नाही. अशा जंतूवर मग कोलिस्टिन काढावं लागतं. किडनीला त्रास होतो म्हणून १९७० च्या दशकात ते जवळजवळ अडगळीत गेलं होतं. दुसरं काही चालेना म्हणून परत आणलं. म्हणजे इन्फेक्शनमधून वाचलेल्या पेशंटची किडनी औषधाने दुखावते, आयसीयूतले दिवस वाढतात, बिल वाढतं. शेजाऱ्यांचं झालं ते बहुधा असंच काही असेल.

तुम्ही काय करायचं? सर्जनना विचारा, की चिरा देण्याआधी अँटिबायोटिक कधी देणार आणि कधी बंद करणार. उत्तर ‘आधीच्या तासाभरात, आणि चोवीस तासांत बंद’ असं काहीसं असेल तर निर्धास्त व्हा. ‘खबरदारी म्हणून घरी सात दिवस गोळ्या’ असं असेल तर का, ते विचारा. त्याने जखम जास्त सुरक्षित होत नाही. साखर आधी आटोक्यात आणा. दात किडलेले असतील तर आधी दाखवा. लघवीची नळी घातली तर ती किती लवकर काढणार ते रोज विचारा, नर्स वैतागल्या तरी. आणि भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना आवरा! शहाळी, मोसंबी, बाकरवडी घेऊन पलंगावर बसायचं, ड्रेसिंगला हात लावून ‘सूज उतरली की’ म्हणायचं, आणि मग तेच हात घेऊन शेजारच्या पेशंटची चौकशी. हात चोळायची बाटली प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी असते. ती आपल्यासाठीच आहे.

ब्रॉयलर कोंबड्यांना अँटिबायोटिकची इंजेक्शनं देतात म्हणे. चिकन खाल्लं तर आपल्यावर औषधं चालेनाशी होतात का? गावरान खावं का? (मांजरी)

इंजेक्शनं नव्हे, बहुतेक वेळा खाद्यातून किंवा पाण्यातून देतात. आजारी कोंबडीला देणं वेगळं आणि वजन भरावं म्हणून सगळ्या कळपाला रोज देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात जंतू निवडून निवडून तयार होतात. वर ज्या कोलिस्टिनचं सांगितलं, ते शेवटचं हत्यार आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांमध्ये त्यावर बंदी घातली. माझ्या मते हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

पण तुमच्या स्वयंपाकघरापुरतं बोलायचं, तर नीट शिजलेल्या चिकनमध्ये जंतू जिवंत राहत नाहीत, औषधाला न जुमानणारेही नाहीत. धोका कच्च्या चिकनचा. नळाखाली धुवू नका, शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर उडतात. विळी-सुरी आणि पाट वेगळे ठेवा. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू कच्च्या कोंबडीतून आणि घाण पाण्यातून येतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला गिया-बारेची (हातापायांतली शक्ती जाणाऱ्या नसांच्या आजाराची) साथ आली तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत तो आणि नोरोव्हायरस सापडले होते. त्या साथीत लोकांचा संशय पाण्यावर होता, आणि उकळून प्यायला सांगितलं ते योग्यच होतं. गावरान चवीसाठी खा. जंतूंचं म्हणाल तर तिलाही उकळी तेवढीच लागते.

मुलाचं अँटिबायोटिक सिरप अर्धी बाटली उरलंय, फ्रिजमध्ये आहे. धाकटीला तसाच खोकला आहे, देऊ का? आणि मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या तर चालतं का? (बिबवेवाडी)

दोन्हीला नाही. पाणी घालून तयार केलेलं सिरप साधारण एक-दोन आठवडेच टिकतं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट तर फ्रिजमध्येही सातच दिवस. बाटलीवर लिहिलेलं असतं. धाकटीचा डोस तिच्या वजनावर ठरतो, दादाच्या नाही, आणि खोकला व्हायरसचा असेल तर काहीच नको. श्वास भराभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, किंवा ती दूध-पाणी घेत नसेल, तर मात्र हे उत्तर वाचत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

जुन्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात टाकल्या तर त्या मुठेत जातात. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे मुदत संपलेली औषधं वेगळी द्यायची असतात. ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत, वर लिहून, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्या. स्ट्रिप कात्रीने कापून द्या, म्हणजे कुणी उचलून विकणार नाही.